बुधवारी तीन ते चार

नीलांबरी गोळ्या मोजत होती आणि अचानक दिवे गेले. सातासमुद्रापारच्या पापाटोएटो उपनगरातल्या त्या दवाखान्यातली औषधांची खोली जुलैच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातल्या, ढगाळ दुपारी आधीच काळवंडलेली, त्यात हे. तिनं दचकून मान वर केली, तसे दिवे पुन्हा लागले. शिडीवरून एक तरुण तिच्याकडे पाहत होता.

"सॉरी हं," तिच्या कोटावरचं नाव वाचून तो चक्क मराठीत म्हणाला. "तुम्ही इतक्या स्तब्ध उभ्या होतात, की सेन्सरला वाटलं, इथे कुणीच नाही."

त्याचं नाव शंतनू. मूळचा नाशिकचा, आता त्याच शहरातल्या अल्बनी भागात राहणारा. इमारतींमधली विजेची उधळपट्टी थांबवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तो नुकताच लागला होता, तोही तीन महिन्यांच्या बोलीवर, आणि हा दवाखाना त्याचं पहिलंच काम. माणूस नसेल तिथले दिवे सेन्सर घालवणार. मीटरशेजारचा डबा कोणत्या वेळी किती वीज लागली ते टिपून फोनच्या तारेवरून त्याच्या ऑफिसात कळवणार. आकडे वेडेवाकडे आले, की मला धावत यावं लागतं, असं तो जाताना म्हणाला आणि हसला. नीलांबरीला त्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

पुढच्या बुधवारी गारठा फार होता. तिनं काउंटरखाली पायांशी छोटा हीटर लावला, तीन ते चार. गुरुवारी शंतनू हजर! त्यानं तारा तपासल्या, डोकं खाजवलं, तिच्याबरोबर चहा घेतला आणि गेला. त्यानंतरच्या बुधवारी छान ऊन पडलं होतं. तरी तिनं हीटर लावला. का लावला, हे तिचं तिलाच कळेना.

असे चार गुरुवार गेले. तो कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, बिस्किटं घेऊन यायचा. कप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांशी जराशी रेंगाळायची… आणि लगेच तो फ्यूजबद्दल बोलू लागायचा. हा डब्यासाठी येतो की आपल्यासाठी? विचार करकरून नीलांबरीच्या डोक्याचा भुगा झाला.

पाचव्या बुधवारी सकाळीच दवाखान्याचे मालक डॉ. गुरुनाथ तिला सहज म्हणाले, की बचत राहिली बाजूला, दर बुधवारी वीज उलट जास्तच जळतेय, तेव्हा तो डबा काढून न्यायला सांगणार आहे. पहिलंच काम फसलं तर त्या बिचाऱ्याची नोकरी काही राहत नाही, असंही ते हळहळले.

हीटरचं सांगावं की नाही, नीलांबरीला प्रश्न पडला. सांगावं, तर शंतनू रागावेल, पुन्हा तोंडही दाखवणार नाही. न सांगावं, तर त्याची नोकरी जाणार, तीही आपल्या वेडेपणापायी. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी तिनं डॉक्टरांना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहत डबा राहू दे, असं सांगितलं. शंतनूला सांगणं मात्र उरलंच होतं.

गुरुवारी तो आला. तिनं मान खाली घालून एका दमात सांगितलं.

"दर बुधवारचा तो हीटर… माझा होता. मी मुद्दाम लावायचे."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्यानं काउंटरवर आलेखांचे कागद पसरले. दर बुधवारी तीनला रेघ टुणकन वर चढायची आणि चारला खाली उतरायची. प्रत्येक चढापाशी पेन्सिलीनं गोल केला होता. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं ओळखलं होतं. ऑफिसात मात्र 'माझ्याच जोडणीत चूक' असं लिहून दिलं होतं.

"मग इतके दिवस तपासत काय होतात?"

"हीटर पायांसाठी आहे, की माझ्यासाठी… ते. मीटरवर तेवढं दिसत नाही हो."

नीलांबरीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ते 'माझी चूक' आधी खोडा, डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे, असं तिनं त्याला बजावलं. हीटर तिनं घरी नेला होता. आता इथे काहीच बिघडणार नव्हतं.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मला इथे यायला काही कारणच…"

"आहे," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता, शंतनू. त्यासाठी येत जा. मी पाचला सुटते."

तो कागद गोळा करायला गेला, तर सगळे खाली पडले. घड्याळात जेमतेम सव्वातीन वाजले होते. त्यानं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि पाच वाजायची वाट पाहत तिथेच बसून राहिला.