खेळ मांडायला काय लागतं

वीज गेली, आणि झेरॉक्सच्या यंत्राने कागद अर्धा गिळून तोंड मिटलं.

वैशाखातली दुपार होती. तंजावूरच्या दक्षिण राजवीथीवरची निम्मी दुकानं फळ्या ओढून झोपली होती. वैद्यनाथांच्या झेरॉक्सच्या दुकानात वासुकी एकटीच होती, आणि काउंटरच्या पलीकडे घामाने भिजलेला एक तरुण. त्याचं पुस्तक काचेवर पालथं पडलेलं. संध्याकाळच्या गाडीने ते मद्रासला परत जायला हवं, उसनं आणलंय, असं तो तमिळमध्ये पुन्हा पुन्हा सांगत होता. वीज आपल्या हातात नाही, असं तीही पुन्हा पुन्हा सांगत होती.

शेवटी तिने पुस्तक उचललं आणि पुठ्ठ्याने वारा घेत पानं चाळली. इंग्रजी. तलवारी, राक्षस, आकड्यांचे तक्तेच्या तक्ते. "कसलं हे वेड..." ती स्वतःशीच पुटपुटली, घरच्या भाषेत.

तो एकदम हसला. "म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच की."

तंजावुरात ही भाषा अशीच भेटते. तमिळच्या आडून, अचानक. मग वीज येईपर्यंत मराठीतच बोलणं झालं. त्याचं नाव सेतुराम. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाला होता, नोकरीच्या शोधात होता, तोवर शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेत होता. आणि हे पुस्तक म्हणजे एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार.

तिने विचारलं, खेळ मांडायला लागतं काय काय? त्याचा चेहरा उतरला. सांगणाऱ्याचं एक पुस्तक, खेळणाऱ्यांचं दुसरं, शिवाय वीस बाजूंचे फासे. परदेशातून पेटी मागवायची तर वासुकीचा अर्ध्या वर्षाचा पगार गेला असता. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्ससुद्धा त्याला परवडत नव्हती. म्हणून तो मिळतील तेवढी पानं घ्यायला आला होता, पण कुठली घ्यायची ते त्यालाच कळत नव्हतं.

"मग मला वाचू द्या," वासुकी म्हणाली. "सुरू करायला लागतात तेवढीच पानं काढू."

ती बी.ए. होती, वाचनाला चटावलेली होती. दाराजवळच्या उजेडात बसून तिने पानं निवडली. राक्षसांची चित्रं वगळली, शस्त्रांचे भाव वगळले. वीज आली तेव्हा खेळाचा गाभा तेवढा उरला होता, एका पातळशा गठ्ठ्यात.

"आणि फासे?" त्याने विचारलं.

"घरी चिंचोके नाहीत? वीस चिंचोक्यांवर आकडे घाला, लोट्यात टाका, न बघता एक काढा."

तो बघतच राहिला. मग गरम कागदांचा गठ्ठा नीट करत म्हणाला, "एक अडचण आहे. चार जण लागतात... आम्ही तिघंच आहोत."

"हे पुस्तकात आहे, की तुम्ही म्हणता?"

"पुस्तकात आहे. कुठल्या तरी पानावर."

"ते पान मी काढलेलं नाही."

"मग राहू दे," तो म्हणाला. "मीच म्हणतो."

वासुकीने मान खाली घालून पैसे मोजले, आणि दोनदा चुकली.

राजवाड्यामागच्या गल्लीत सुंदरचं घर होतं. सुंदर सेतुरामचा शाळेपासूनचा मित्र, आता बँकेत कारकून. त्याची बहीण अखिला वासुकीच्या कॉलेजातली निघाली, म्हणून घरून परवानगी मिळाली. रविवारची जेवणं झाली की चौघं माडीवर बसत. सुंदरची आई फिल्टरची कापी, म्हणजे कॉफी, पाठवी. खेळात सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं ठरलं होतं. जिना उतरला की वासुकी आणि सेतुराम पुन्हा 'तुम्ही'वर येत. पण खेळातला तो 'तू' आठवडाभर पुरायचा.

चिंचोका काढायला दोघांचे हात एकदम लोट्यात जात. "आधी तू," तो म्हणे. "नको, तुझं नशीब आधी बघू," ती म्हणे. अखिला छताकडे बघत बसे.

गोष्ट सेतुराम सांगे. पण ती पुस्तकातली असे — बर्फाचे डोंगर, किल्ले, दारूचे गुत्ते. बर्फ चौघांपैकी कुणीच पाहिला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या रविवारी तो अडला आणि वैतागून म्हणाला, आता तूच सांग. तेव्हा वासुकीने नदी आणली. रुंद, गढूळ, संथ. नदीवर एक नाव, आणि नावेत एक म्हातारी. ती नाणं घेत नाही. पलीकडे जायचं असेल तर एक आठवण द्यावी लागते. दिली की ती गेली, कायमची.

सुंदरचा योद्धा म्हणाला, मी आईचा चेहरा देतो. आणि बोलून गेल्यावर सुंदर जिन्यावरून खाली आईकडे बघून आला. त्या दुपारी कापी तशीच निवली.

तेव्हापासून गोष्ट वासुकीच सांगू लागली. दिवसभर दुकानात यंत्राचा उजेड डोळ्यांवरून फिरत असे आणि तिच्या डोक्यात नदीकाठची गावं वसत असत. इतकं स्वतःचं असं तिच्याजवळ याआधी काहीच नव्हतं.

ऐप्पसीच्या, दिवाळीच्या महिन्यातल्या, पावसात एकदा दोघं तिरुवैयारूहून एकाच बसने परतत होती. तो शिकवणीच्या मुलाकडे गेला होता, ती आत्याच्या वर्षश्राद्धाला. खिडकीची झडप नीट लागत नव्हती. पाणी तिच्या खांद्यावर येत होतं. त्याने न विचारता जागा बदलली आणि स्वतः भिजत बसला. मग वासुकीने त्याला ते सांगितलं, जे सुंदर-अखिलालाही सांगितलं नव्हतं. नावेतली म्हातारी म्हणजे तिची धनलक्ष्मी आत्या. तिनेच वासुकीला वाढवलं होतं. शेवटच्या वर्षांत आत्या एकेक माणूस विसरत गेली. कावेरीच्या पायरीवर बसायची, आणि कुणी ओळख पटवायला गेलं की म्हणायची, "ते मी नदीला दिलं गं. मागू नको, ती परत देत नाही." एके दिवशी तिने वासुकीलाही नदीला दिलं.

सेतुरामने बाहीने कपाळावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "मी सगळं देईन नदीला... तू सोडून."

तो 'तू' खेळातला नव्हता. बस तंजावुरात कधी शिरली ते दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या वर्षी सेतुरामला बेंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. त्या काळात असं होई. काल शिकवण्या घेणारा मुलगा बघता बघता विमानाच्या गोष्टी बोलू लागे. दर शनिवारी तो दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर फोन करी. तिथे नवी मंडळी जमलीत, अमेरिकेहून पेटी आलीय, खरे फासे कसे गडगडतात ते तू ऐकायला हवंस, असं सांगे. इकडे तीनच जणांवर खेळ थांबला. अखिलाचं लग्न ठरलं. वासुकी शनिवारची वाट पाही.

राजलक्ष्मीअक्का, तिची थोरली बहीण, बेंगळुरूत बाळंत झाली तेव्हा मदतीला वासुकीच गेली. एका रविवारी मेहुण्यांनी तिला सेतुरामच्या घरी सोडलं.

मोठं टेबल, त्याभोवती पाच-सहा जण, सगळे कंपनीतले. फासे खरंच सुंदर होते, निळे, काचेसारखे. सेतुरामला तिला बघून झालेला आनंद लपत नव्हता. त्याने सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं, "ही वासुकी. आमच्या गावी एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे असते. पहिली पानं हिनेच काढून दिली." मंडळी छान हसली. एकीने सरकून तिला जागा दिली.

आणि सेतुराम गोष्ट सांगू लागला. नदी. रुंद, गढूळ, संथ.

वासुकी सावरून बसली. आता तो म्हणेल, ही हिची, असं तिला वाटलं. तो म्हणाला नाही. गावामागून गाव आलं, तिने वसवलेलं, तिने ठेवलेल्या नावासकट. मग नाव आली. सेतुरामने पाठीला बाक काढला, दात नसल्यासारखे ओठ आत ओढले आणि थरथरत्या आवाजात, मुद्दाम मोडक्यातोडक्या इंग्रजीत, म्हातारी झाला. "गिव्हिंग टू रिव्हर, मा... नो आस्किंग... रिव्हर नॉट रिटर्निंग."

टेबल हसून लोटपोट झालं. पुन्हा कर, म्हणून मागणी झाली. त्याने पुन्हा केलं. एकाने डोळे पुसत विचारलं, हे असलं तुला सुचतं तरी कसं? सेतुरामने खांदे उडवले. "सुचतं," तो म्हणाला.

बाळाचं निमित्त सांगून वासुकी उठली. तो रिक्षापर्यंत आला.

"ती आत्या होती," ती म्हणाली.

"ओळखलंस ना? मला वाटलं, तुला आवडेल." मग तिचा चेहरा बघून घाईघाईने, "हसू नसेल तर ही मंडळी पुढच्या रविवारी येत नाहीत, वासुकी. इथे मलाही नवीन माणसांत जागा करायची होती..."

ती रिक्षात बसली. अक्काच्या घरी बाळाला अंघोळ घालायची होती.

शनिवारी फोन येत राहिले. तिने घेतले, पण हो-नाहीपलीकडे बोलली नाही. पोंगल झाल्यावर सेतुराम आईला, विजयलक्ष्मीअम्मांना, घेऊन रीतसर मागणी घालायलाच आला. वासुकीच्या घरी मुलगी बघायला येणाऱ्यांसाठीची सोज्जी, म्हणजे गोड शिरा, झाली, बज्जी झाली. तिचे वडील, सीतारामराव, निवृत्त झाले होते. आपल्यातली स्थळं बोटांवर मोजण्याइतकी, वासुकीचं वय सव्वीस. मुलगा चांगला, पगार मोठा, देण्याघेण्याची अपेक्षा नाही. आईच्या डोळ्यांत सकाळपासून पाणी होतं, ते सुखाचंच होतं. मोठ्यांनी हसून दोघांना मागच्या अंगणात बोलायला पाठवलं.

तो आवडत होता. तिला तो अजूनही आवडत होता, हेच अवघड होतं. नव्या शर्टातही तो खांदे तसेच पाडून उभा होता.

त्याने सगळा बेत सांगितला. घर बघितलंय. तिला कंपनीजवळच्या शाळेत नोकरी मिळेल. रविवारी मंडळी येतील, पण तिने त्यात बसलंच पाहिजे असं नाही, इंग्रजीत भराभर बोलतात, तिला कंटाळा येईल.

तिने विचारलं, "त्यांना सांगितलंत का, गोष्ट कुणाची ते?"

"आता लग्नच होतंय," तो मवाळपणे म्हणाला. "तुझं काय नि माझं काय?"

"आत्या तुमची नव्हती."

"वासुकी, खेळ आहे तो."

"माझ्याजवळ तेवढंच होतं," ती म्हणाली. "तुम्ही मागितलं असतं तर दिलं असतं. सगळं दिलं असतं. तुम्ही मागितलं नाही."

त्याने पायाने अंगणातला एक खडा बाजूला सारला. मग त्याने विचारलं, आता सांगितलं तर? सगळ्यांना बसवून सांगितलं तर? तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खरंच सांगेल, हे तिला दिसत होतं. मंडळी पुन्हा छान हसतील, एकीने सरकून जागा दिली होती ती पुन्हा देईल, आणि सेतुराम त्या वेळी टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांकडे बघत असेल, तिच्याकडे नाही. तेही तिला दिसत होतं.

"नको," ती म्हणाली. "मी नाही येत."

हे 'नाही' मागच्या अंगणातून ओसरीवर पोचायला वेळ लागला नाही. विजयलक्ष्मीअम्मांनी पेला खाली ठेवला. सीतारामरावांनी मुलीला दोनदा विचारलं, कारण काय? एका खेळातली म्हातारी, हे कारण त्यांना ती कशी सांगणार होती? ती म्हणाली, मन नाही. "मन," वडील म्हणाले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आई त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला म्हणून वासुकी एकटीच गेली. तेवढी रीत पाळायलाच हवी होती. अम्मा न बघता पायऱ्या उतरून गेल्या. सेतुराम वाकून चपला घालत होता. एक पट्टा बसेना, म्हणून वेळ लागला. मग सरळ झाला. तिला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल, आणि आपण मोडून पडू.

निघणाऱ्याने उंबऱ्यावर 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. हे तमिळ घरातही लहानपणीच शिकवतात आणि मराठी घरातही.

"जातो," सेतुराम म्हणाला.

तो गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होता. वळणावर सोडेवाल्याची गाडी आडवी आली, आणि गाडी हलली तेव्हा रस्ता मोकळा होता. वासुकीने दार लावलं. आत ओसरीवर बज्ज्यांच्या ताटल्या तशाच पडल्या होत्या. त्या उचलायला घरात दुसरं कुणी उठणार नव्हतं.