हरणाऱ्यांचं बाकडं

पहिल्याच भेटीत मी एलोईच्या मांडीवर गरम चहा सांडला. हाताने नव्हे, चेंडूने.

बाहेर डोंगरावर धुकं उतरलेलं. आत चर्चच्या हॉलमध्ये फुटसालच्या, म्हणजे बंदिस्त जागेतल्या फुटबॉलच्या, बुटांची चुरचुर. उंचावरून आलेला पास मी पायावर घ्यायला गेले... आणि चेंडू भिंतीवर आपटावा तसा उसळला, तो थेट बाकड्यावर बसलेल्या मुलाच्या हातातल्या, ‘माते’ नावाच्या कडू चहाच्या तुंब्यावर!

"पाय आहे की फाटक?" तो मांडी झटकत ओरडला.

"भाजलं का?"

"भाजलं. पण त्या बिचाऱ्या चेंडूला असं हाकलतेस का गं? काय वाकडं केलंय त्याने तुझं?"

याच दुखण्यासाठी तर मी तिथे आले होते! महिनाअखेर पोर्तो आलेग्रे शहरात मोठ्या फुटबॉल क्लबची निवड चाचणी होती. आमच्या प्रशिक्षक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "नोएली, धावतेस हरणासारखी, पण चेंडू तुझ्यापाशी थांबत नाही. गुरुवारी हॉलमध्ये जा. चेंडू जड, जागा टीचभर, श्वास घ्यायला उसंत नाही. तिथे तो थांबवलास, तर मोठ्या मैदानात तुला रान मोकळं." नाही निवडलं, तर आईच्या गाई होत्याच. पहाटे धारा काढायच्या, जन्मभर.

मग एलोई खेळायला उतरला, आणि मी भाजल्याबद्दलची माफी मागायचीच विसरले.

त्याने चेंडूवर पायाचा तळवा ठेवला. नुसता ठेवला—झोपलेल्या मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा. समोर दोघं धावून आले. हा चेंडूकडे बघतसुद्धा नव्हता! तळवा जरासा मागे सरकला, चेंडू त्याच्यामागे निमूट आला, आणि दोघंही रिकाम्या जागेवर पाय आपटत राहिले. माझ्या अंगावर काटा आला. चर्चमध्ये मेणबत्त्या लावताना आला नव्हता, तो इथे, घामाच्या वासात आला.

हॉलचा नियम साधा होता. आधी दोन गोल करतील ते आत राहणार, हरतील ते बाकड्यावर. बाकडं बरं असतं, तिथून माणसं जोखता येतात. खाटकाचा मुलगा सुरुवातीला वाघ, नंतर नुसती धाप. औषधवाला पास देतो, पण परत करील त्यालाच. एलोईचा मात्र हिशेब लागेना. कधी न हरणारा हा माणूस, मी बाकड्यावर गेले की पुढच्याच डावात हरून शेजारी हजर!

"नशीबच फिरलंय," तो सुस्कारा टाकायचा, आणि पाइन झाडाच्या उकडलेल्या बिया सोलून माझ्या तळहातावर ठेवायचा. गरम... आणि त्याची बोटं त्याहून.

एका गुरुवारी असाच त्याचा चेंडू गोलखांबाला लागला. पुन्हा लागला. तिसऱ्यांदाही—त्याच पोपडा उडालेल्या जागी.

तो येऊन बसला तेव्हा मी म्हटलं, "एलोई, तू मुद्दाम हरतोस."

"मी? देवाशप्पथ—"

"चर्चचा हॉल आहे, जपून बोल. चुकणाऱ्याचा चेंडू कुठेही जातो. तुझा नखाएवढ्या जागेवर जातो."

त्याचे कान लाल झाले. "आत तू फक्त चेंडूशी बोलतेस. इथे माझ्याशी बोलतेस."

मी विरघळले. पण पुरती नाही.

"आणि तू इथे बसलास की आत मी शिकू कोणाकडून? औषधवाल्याकडून?"

"शिकलीस की जाशील," तो हळूच म्हणाला.

"हो. आणि न शिकता इथेच राहिले, तर तुझ्याकडे बघून रोज ते आठवेल मला."

बी सोलता सोलता त्याची बोटं थांबली.

चाचणीआधीच्या शेवटच्या गुरुवारी तो खरा खेळला. माझ्या पायातून चेंडू नेला, पुन्हा नेला, मी चिडले तेव्हा हसत नेला.

"अरे एलोई, थोडी दया दाखव पोरीला!" कॅन्टीनच्या डोना जेनी ओरडल्या.

"मुळीच नको, डोना जेनी!" मीच ओरडले.

दोन्ही संघांचा एक-एक गोल झाला होता. उंचावरून चेंडू माझ्याकडे आला. मी पाय ताठ केला नाही. तळवा टेकवला, आणि तो... थांबला! आवाज नाही, उसळी नाही. एलोई धावून आला. त्याचा भार डाव्या पायावर पडेपर्यंत मी थांबले, चेंडू मागे ओढला, त्याच्या बाजूने निसटले. गोल!

हॉल दणाणला. एलोई जागच्या जागी उभा.

"हे मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला.

"माहितीये. चेहरा बघ तुझा. देव दिसल्यासारखा झालाय."

"दिसलाच." तो हसला नाही. "नोएली, निवडतील तुला. आणि मला तू इथे हवीयेस... पण हरलेली नकोयस. या दोन्हीचं काय करू?"

"ए, हरलास ना? हो बाहेर!" मागून औषधवाला ओरडला.

सगळ्या हॉलदेखत मी त्याच्या घामेजल्या गालावर हात ठेवला. "मलाही तू हवायस. रविवारी पोर्तो आलेग्रेच्या बसला ये, माझ्या शेजारी बस. पण आत्ता बाहेर जा. पुढचा संघ आलाय."

तो माझ्याकडेच बघत उलटा चालत गेला आणि औषधवाल्यावर आदळला. सगळे खिदळले. मला बघायचं होतं... खूप बघायचं होतं. पण चेंडू माझ्याकडे येत होता, आणि मी त्याच्यासाठी पाय सैल सोडला.