गावपळणीतली वीज

"गो ऋता, तुझो मीटर खोटारडो आसा! आजच्या आज येऊन काढून घेऊन जा!"

हरिश्चंद्रकाकांनी फोन आपटला. ऋताने हातातला घास ताटात टाकला आणि स्कूटर काढली. मालवण ते आचरा, रस्ताभर तिचं डोकं तापलेलं होतं.

तापेल नाहीतर काय! पुण्याची बरी नोकरी सोडून ती गावी आली होती. कंपन्या वीज, पाणी, इंधन कुठे वाया घालवतात ते मोजायचं, आकड्यांवरून दाखवायचं आणि त्यांचा धूर-कचरा कमी करायचा, हा तिचा धंदा. पण हे समजावणार कोणाला? आई शेजाऱ्यांना सांगायची, "आमची ऋता लाइटची बिलं बघते." बर्फाच्या कारखानदाराने तिला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं. गिऱ्हाईक म्हणून हातात होता तो एकटा काकांचा काजूचा कारखाना; तिथे तिने वीज मोजायला आपला मीटर बसवला होता. परदेशात माल पाठवणाऱ्या मुंबईच्या कंपनीने काकांना बजावलं होतं, किलोमागे वीज कमी झाल्याचे खरे आकडे दाखवा, तरच ऑर्डर. काकांनी छपरावर सोलर बसवलं, ड्रायर बदलला. आकडा मात्र ढिम्म हलेना.

आता मीटर खोटा ठरला की ऋताही खोटी. ही बातमी संध्याकाळपर्यंत मालवणच्या मासळीबाजारात पोचली असती आणि मग तिला कोणी दारात उभं केलं नसतं.

कारखान्यामागच्या टरफलांच्या गोदामापाशी दोन कुत्री माती उकरत होती. काकांचा भाचा निलेश, कारखान्याचा मॅनेजर, त्यांना दगड मारत होता.

"इलस? बरा झाला," तो म्हणाला. "मामा लय पेटलेत."

काका खरंच पेटले होते. "ह्यो खर्च करून माका काय गावला? ठेंगो!"

"काका, मला एक तास द्या. वीज जातेय, तर ती कुठेतरी जातेय ना?"

"तास घे नायतर दीस घे. पण संध्याकाळी तुझो मीटर हयसून जातलो."

वीज कोणी चोरत असेल तर? पहिली तिने तेजस्वीला गाठली. सोलर बसवणारी ही मालवणची पोर जोडणी तपासायला आलेली होती.

"मीटरच्या पेटीत तुझा हात गेला होता?"

"गेला होता. सोलर काय मंत्र म्हणून जोडतात? पण माझ्यावर ढकलू नकोस हां."

"गावपळणीत कुठे होतीस?"

"मालवणात, घरी. मला कसली गावपळण?"

गावपळण आचऱ्याची. देवाने कौल दिला की काही वर्षांनी एकदा अख्खं गाव, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहुट्यांत जाऊन राहतं. मागे दिवा पेटत नाही, चूल पेटत नाही. यंदाची होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्या तीन दिवसांत कारखान्यात एक युनिटही जायला नको होतं.

मग सुभद्रा. काजू फोडणाऱ्या बायकांची मुकादम. तिचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून.

"मागची भिंत तुमची ना, मावशी?"

"भिंत माझी म्हणान चोरी पण माझी?" ती उसळलीच. "शेटनी सकाळीच इचारल्यानी. लाज नाय वाटली तेंका! मी गावपळणीवरसून थेट भयणीकडे विजयदुर्गाक गेल्लंय. आठवड्यान परत इलंय."

ऋताने काकांना विचारलं, "गावपळणीला मेन स्विच कोणी बंद केला?"

"मी सोता. कुलूप घालून."

ती पायरीवर बसली आणि फोनवर त्या तीन दिवसांचा आलेख उघडला. रेघ जमिनीला चिकटलेली हवी होती. ती चिकटली नव्हती! काहीतरी वीज खात होतं, थांबत होतं, पुन्हा खात होतं. दुसऱ्या रात्री लाइट गेली आणि थोड्या वेळात परत आली. ती रेघ मात्र मेली ती मेलीच. गाव परतलं त्या संध्याकाळी ती पुन्हा उठली.

ऋताने फोन पर्समध्ये टाकला. कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

"काका, गावपळणीचे तिन्ही दिवस इथे काहीतरी अखंड चालू होतं," ती म्हणाली. "माझा मीटर तसं सांगतो."

निलेशने टाळीच वाजवली. "ऐकलात, मामा? खोटा कसा पकडला बघा! तीन दीस खंय? दुसऱ्या राती लाइट गेली, मगे ता बंदच ऱ्हवला!"

ऋता त्याच्याकडे वळली.

"काय बंद राहिलं, निलेश?" ऋताने विचारलं.

निलेशचा हात कमरेच्या चावीकडे गेला.

"मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. आलेख तुझंच म्हणणं खरं करतो. पण तो माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नाही. काका, तुमचा मेन स्विच बंद होता, म्हणजे कोणीतरी मीटर आणि स्विचच्या मधूनच चोरून तार ओढलीय. चालतंय थांबतंय म्हणजे फ्रीझर. एरवी कारखान्याच्या विजेत तो लपतो, गावपळणीत उघडा पडला. लाइट परत आल्यावरही तो चालू झाला नाही, म्हणजे त्याच्या तारेवरचं बटण हाताने दाबावं लागतं आणि कोणी दाबलं नाही. तेजस्वी असती तर मालवणातून येऊन बटण दाबून गेली असती, तिला कौलाचं बंधन नाही. सुभद्रामावशी गाव परतलं तेव्हा विजयदुर्गात होत्या. गोदामाची चावी कोणाकडे असते? आणि तिथे कुत्री काय उकरतायत?"

काकांनी भाच्याच्या कमरेची चावी ओढली. गोदामात टरफलांच्या पोत्यांआड तीन फ्रीझर घुरघुरत होते, हॉटेलांसाठी सुरमईने भरलेले. मागे पुरलेली होती ती गावपळणीत कुजलेली.

"बटण दाबूक येऊक काय झाला होता?" काका ओरडले.

"देवाचो कौल होतो, मामा. गावात पाय कसो टाकतलंय?"

"आणि मामाची वीज चोरताना?" सुभद्रा कडाडली. "तेव्हा देव खंय होतो?"

काका खुर्चीत बसले. हलक्या आवाजात म्हणाले, "ऋता, घरची गोष्ट आसा. भयणीक काय तोंड दाखवू? मीटर बिघडलो होतो, असा लिव. पुढच्या वर्षाचा काम पण तुकाच देतंय."

ऋताला रागाने रडू फुटणार होतं. "काका, सकाळपासून माझो मीटर खोटो म्हणान तुम्ही माका हाकलत होतात. आता तो खरो ठरलो, तर मीच तेका खोटो म्हणू? नको माका तुमचा काम!" तिने पर्स उचलली.

"थांब."

काकांनी फोन लावला. मुंबईचा नंबर होता.

"नमस्कार साहेब. किलोमागे वीज जास्त दिसत होती ना, ती माझ्या भाच्याने चोरली होती. हो, सख्ख्या भाच्याने. नवे आकडे पुढच्या महिन्यात पाठवतो." त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही, मीटर एकदम बरोबर आहे. ऋता मॅडमनी बसवलाय तो."