सखूच्या खांद्यावरचा वड

बसा असे, दिव्यापाशी. माह्या डावीकडं बसजा. उजवीकडं नोका बसू, काऊन ते सांगते.

चोपन साल असंन. नाल्यावरचा वड आमच्या मालकानं, माह्या घरधन्यानं, वर्ध्याच्या ठेकेदाराले देला. पऱ्हाटीले, कपाशीले, वावर पाहिजे होतं ना! बाकीचं रान आंधीच कटलं होतं, शिवारात तेवढंच मोठं झाड उरलं. दिवस बुडाला की पोपट, साळुंक्या, कोतवाल त्याच्यावर असा गलका करत की बाजूच्याचं बोलणं आयकू येत नसे.

आमच्या गावात गोंडाची सखू हाये. कोणतंही झाड पडाच्या आदल्या सांजेले ती बुडाशी जाऊन पाखरायले सांगे, उद्या कुऱ्हाड लागते, तुम्ही त्या झाडावर जा. आन् बोटानं नवं झाड दाखवे. तिच्या घरचे झाडं तोडाच्या कामावर, पण ते दाखवल्याबिगर कुऱ्हाडीले हात लावत नसत. काय बाई हाये ते! माणसं माणसाले इतकं सांगत नाईत.

त्या सांजेले मी तिच्या संग गेलती. तिनं चारी बाजूनं पाह्यलं. बोट दाखवाले झाडच नाई. लय वेळ ती उभी राह्यली, मंग हात पसरून हळूच म्हणाली, "माह्याकडं या..."

दुसऱ्या दिवशी वड पडला. पाखरं कुठी गेले, कोणाले दिसलं नाई.

मार्गशीर्षात तुरीवर अळी आली. शेंगेत दाणा राहू देईना. आमचं वर्षाचं वरण त्या तुरीत, मालक डोकं धरून बसले. आजवर अळी पाखरं वेचत होते, हे तवा ध्यानात आलं. अकल आली, पण वड गेल्यावर.

मी सखूकडं गेली. दिवस बुडत होता. ती आंगणात एकटीच हात पसरून बसलती. आंगणभर तोच गलका, तोच पाखरायच्या शिटेचा आंबूस वास... आन् पाखरू एक दिसंना. तिचे खांदे मोळी उचलल्यावानी दबले होते. माह्या डोळ्यादेखत तिच्या लुगड्यावर पांढरे शिंतोडे पडत होते. मले भेव वाटलं, आन् तिच्या पायावर डोकं ठेवावं असंही वाटलं.

कशीबशी म्हणलं, सखू, याईले आमच्या वावरात धाड.

"धाडीन," ती म्हणाली. "पण सांजेले त्याईले बसाले कोणी पाहिजे, आनंदाबाई. मी थकली..."

"माह्यावर बसू दे," मी म्हणलं.

सकाळी तुरीवर एक अळी नव्हती. ते वर्ष आम्ही पोटभर वरण खाल्लं. सखू आता सरळ पाठीनं चालते. मालक मले म्हणतात, तुहा उजवा खांदा झुकला, वैद्याले दाखव. त्याईले काय दाखवू?

दिवस बुडाला पाहा. हालू नोका, बसून राह्यले ते... कंदिलाच्या काचेवर हे पांढरं आत्ताच पडलं.

मीही थकली आता. तुमच्या आंगणात एखादं झाड हाये का? नसंन, तर जरा हात पसरा...