कॅमेरा नको, माईक दाखवा

खरं तर ती त्या दुकानात जाणारच नव्हती. नेहमीच्या दुकानाचं शटर खाली होतं, जेवणाच्या सुट्टीतली वीसच मिनिटं उरली होती, आणि समोर मोबाईलच्या दुकानाची दुसरी पाटी दिसली, म्हणून ती आत शिरली. काउंटरमागचा तरुण एका जाडजूड गृहस्थांना कळकळीने सांगत होता, "काका, हा नका घेऊ. दिसायला देखणा आहे, पण दुपार झाली की बॅटरी मान टाकते."

कोपऱ्यात बसलेल्या मालकाने कपाळावर हात मारला. "नकोबा, अरे, कधीतरी 'घ्या' म्हण की गिऱ्हाइकाला!"

गृहस्थ काही न घेताच गेले. तिचा नंबर आला.

"स्वस्तातला फोन हवाय. पण स्मार्टफोन."

नकोबाने काचेवर तीन फोन मांडले. "बजेटमध्ये हे तीन बरे. याचा कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा, शिवाय..."

"कॅमेरा नको. माईक दाखवा."

"माईक?"

"आवाज रेकॉर्ड झाला पाहिजे. अगदी आहे तसा."

"गाता वाटतं तुम्ही?" तो हसला. त्याचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची. माणूस समोर आला की तिला आधी दातच दिसायचे.

"बाबांचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारी. घशात गाठ आहे... स्वरयंत्रच काढणार आहेत. त्याआधी आवाज साठवून ठेवायचाय."

तिला वाटलं, आता हा 'अरेरे' म्हणेल. गेला महिनाभर जो तो तेच म्हणत होता. नकोबाने मात्र तिन्ही फोन उचलले आणि म्हणाला, "चला मागे. इथे गर्दीत खरं-खोटं कळायचं नाही."

मागच्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती. त्याने खोक्यांवर तिन्ही फोन सारख्या अंतरावर ठेवले.

"बोला."

"एक, दोन, तीन, चार..."

"असं घरी कोण बोलतं? घरी बोलता तसं बोला."

तिने क्षणभर विचार केला. "बाबा, गोळी घेतलीत का? बाबा... खिशात लपवलीत ना? दाखवा बघू."

मग दोघांनी एकेक करून ऐकलं. पहिल्या फोनमधला आवाज विहिरीतून आल्यासारखा. दुसरा फोन आजूबाजूचा गोंगाट गाळता गाळता शब्दांची शेपटंही गाळून टाकत होता. 'गोळी'ची नुसती 'गो' उरली होती. तिसरा सगळ्यांत स्वस्त. त्याने तो तिच्या कानाशी धरला, आणि तिला आपलाच श्वास ऐकू आला. 'बाबा' म्हणताना घसा किती भरून आला होता, तेसुद्धा.

"हा घ्या," नकोबा म्हणाला. "याचा कॅमेरा टाकाऊ आहे, उन्हात स्क्रीन दिसत नाही, चार अॅप उघडली की गोगलगाय होतो. पण कान खरा आहे."

बाहेरून मालक ओरडला, "काय ऐकतोय मी! 'घ्या' म्हणाला!"

ती हसली. महिनाभरात पहिल्यांदाच. हसली, आणि लगेच अपराधी वाटलं.

ऑपरेशनआधीच्या रविवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, नकोबा रेकॉर्डिंगला मदत करायला तिच्या घरी आला. एक अॅप होतं. स्क्रीनवर चौकोनी बटणं, एकेका बटणामागे एकेक रेकॉर्ड केलेलं वाक्य. ऑपरेशननंतर बटण दाबलं की बाबा 'बोलणार' होते.

बाबांनी सव्वीस वर्षं बसस्थानकात उद्घोषणा केल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, हे सगळं गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. आता तो आवाज घोगरा झाला होता, मधेच फाटायचा. पण माणूस तोच होता.

"ठकू, हा कोण?" त्यांनी विचारलं. "मोबाईलवाला की जावई?"

"बाबा!"

"विचारून घेतो. बुधवारनंतर विचारता येणार नाही."

नकोबाचे कान लाल झाले. ठकूने स्वयंपाकघराकडे काढता पाय घेतला, पण कान बाहेरच ठेवला.

तासाभरात पन्नासेक वाक्यं झाली. 'पंखा बारीक कर.' 'चहात साखर कुठाय?' 'मला कळलंय, परत परत सांगू नकोस.' 'दुखतंय.' हे शेवटचं बाबांनी असं म्हटलं, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. 'तुझी आई असती तर...' असं एक सुरू केलं आणि हाताने थांबवलं. "ते पूस," ते नकोबाला म्हणाले.

मग म्हणाले, "आता नुसतं नाव घेतो. ठकू."

"झालं, काका."

"झालं कसं? हे जेवायला बोलावताना. आता रागावून. ठकू! आता न्हाणीघरातून, टॉवेल विसरलो म्हणून. ठकूऽऽ! आता उशिरा घरी आली तर." आणि ते असं हळू, असं सुटल्यासारखं "ठकू..." म्हणाले, की बशी घेऊन आलेली ती दारातच थबकली. सात वेगवेगळी 'ठकू' रेकॉर्ड झाली. नकोबा फोन हातात धरून बसला होता, पण त्याची नजर फोनवर नव्हती. तिच्यावर होती. तिने ती पाहिली, आणि तिथून हलली नाही.

ऑपरेशन झालं. मानेत भोक, त्यावर जाळीचा रुमाल, गळ्यात दोरीने अडकवलेला फोन, अशा थाटात बाबा घरी आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी इतकी चुकीची बटणं दाबली, की दूधवाल्याला 'न्हाणीघरातलं ठकू' ऐकावं लागलं आणि डॉक्टरांना 'चहात साखर कुठाय?' बाबा खांदे हलवून हसायचे. आवाजाशिवायचं हसू. ते बघणं फार कठीण होतं, आणि न बघणं त्याहून कठीण.

नकोबा दर रविवारी यायचा. कधी बटणं मोठी करायला, कधी उगाचच. जाताना ती त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायची.

"तुमचे पुढचे दात सरळ करून घेऊ नका हं कधी," ती एकदा म्हणाली.

"का? धंदा बुडेल तुमचा?"

"नाही. ओळख बुडेल."

तो चालता चालता थांबला. "एक विचारू?"

"नको."

"हे तर माझं वाक्य झालं."

"आत्ता नको म्हणते," ती म्हणाली. "घरी गेले की जखमेतली नळी साफ करायचीय. तेवढंच मावतं डोक्यात." पण तिची बोटं त्याच्या बाहीला लागली होती, आणि तिने ती काढली नाहीत. 'अहो-जाहो' त्या वळणावरच कधीतरी गळून पडलं.

पाचव्या महिन्यात, एका सकाळी, चार्जिंगला लावलेला फोन सुरूच झाला नाही. काळा ठिक्कर. बाबांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग फोन तिच्यापुढे धरला, एखादा मेलेला पक्षी धरावा तसा.

नकोबा तो घेऊन गेला. अकरा दिवस त्याने काय नाही केलं! गावातले तीन दुरुस्तीवाले झाले, दूरच्या शहरातल्या एकाकडे तो स्वतः जाऊन आला. बाराव्या दिवशी दारात उभा राहिला, तेव्हा दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"मेमरी जळली," तो म्हणाला. "काहीच निघालं नाही."

"पण कॉपी असेल ना? तू म्हणाला होतास, वाक्यांची एक कॉपी माझ्याकडे ठेवतो. त्याच दिवशी म्हणाला होतास."

तो खाली बघत राहिला.

"राहिली," तो म्हणाला. "त्या दिवशी निघताना करणार होतो. मी... तुझ्याकडे बघत होतो. घरी गेल्यावर आठवलं, म्हटलं पुढच्या रविवारी करू. मग प्रत्येक वेळी तू समोर असायचीस. फोनचा दोष नाही यात. चूक माझी आहे."

त्याला खोटं बोलता आलं असतं. कॉपीही जळाली, असं म्हटलं असतं तर तिला कुठून कळणार होतं?

"माझ्याकडे बघत होतास," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं, आणि तू माझ्याकडे बघत होतास! जा तू. परत येऊ नकोस."

तिने दार लावलं. आत बाबा लिहायची पाटी घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कान शाबूत होते.

तीन आठवडे ती लॅबमध्ये खाली मान घालून कवळ्या घासत राहिली. रात्र झाली की कुशीवर वळून आठवायचा प्रयत्न करायची: रागावलेलं 'ठकू' कसं होतं? उशिरा आल्यावरचं? पाच आठवायची, कधी चारच.

एका शनिवारी बाबांनी शर्ट घातला, पाटीवर 'चल' लिहिलं आणि बाहेर पडले. कुठे, ते सांगेनात. त्या दुकानाच्या पायरीशी आल्यावर ती थबकली, तर त्यांनी दंडाला धरून आत नेलं.

नकोबा उभाच राहिला. बाबांनी काउंटरवर पाटी ठेवली.

'नवा फोन दाखव. माईक नसला तरी चालेल.'

ते वाचून नकोबाचा चेहरा असा झाला, की मालकानेही पेपर बाजूला ठेवला. "काका, मी..." त्याचे डोळे भरून आले होते. बाबांनी पाटी पुसली, सावकाश लिहिलं:

'रेकॉर्डिंगमधला म्हातारा एकच एक बोलायचा. मला नवीन बोलायचंय.'

मग मात्र नकोबा कामाला लागला. डोळे पुसत पुसत त्याने चार फोन काढले: मोठी अक्षरं, ठणठणीत स्पीकर, टाईप केलेलं वाचून दाखवणारं अॅप. बाबांनी एकेका फोनवर बोटाने टाईप केलं. पहिल्यातून एक तरतरीत बाई बोलली, "मुलगा वाळलाय. याला कुणी जेवायला घालतं का?" बाबा दचकून फोनकडे बघायला लागले आणि खांदे हलवून हसत सुटले. मालक हसला. ठकूला हसायचं नव्हतं. हसताहसताच तिला रडू फुटलं, आणि ती मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

नकोबा दाराशी आला. आत आला नाही.

"मला चारच आठवतात," ती म्हणाली.

"मला सातही आठवतात," तो म्हणाला. "म्हणजे... मला ती तशी म्हणता येणार नाहीत. पण कुठलं कसं होतं, ते सांगू शकेन. कधीही विचार."

तिने त्याला आत यायला जागा करून दिली.

महिन्याभराने तपासणी झाली. बाबा घरीच होते; रिपोर्ट आणायला ती एकटी गेली. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि फुप्फुसातले दोन ठिपके पेन्सिलीने दाखवले. ती 'बरं' म्हणाली. जिना उतरली. रस्ता ओलांडला. पाय कुठे चाललेत ते तिला माहीत होतं.

नकोबा दुकानामागच्या पायऱ्यांवर डबा खात होता. तिने रिपोर्टचं पाकीट त्याच्या शेजारी ठेवलं आणि पलीकडे बसली.

"परत आलंय," ती म्हणाली. "सहा महिने, फार तर आठ."

त्याने डबा बंद केला.

"नीट ऐक. मधे बोलू नकोस. पुढचे दिवस फार वाईट जाणारेत. मी चिडेन, तुझ्यावर ओरडेन, आठवडा-आठवडा केस विंचरणार नाही. घरात औषधांचा वास असेल. सिनेमा, फिरणं, यातलं काही मी तुला देऊ शकत नाही. माणसाने प्रेम सांगावं अशी ही वेळच नाही. पण मघाशी जिना उतरताना मला फक्त तुझ्याकडे यायचं होतं. दुसरं काही सुचलंच नाही." तिने पाकिटाची कड दुमडली. "आवडतोस तू मला. फार. आता बोल."

त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याची बोटं गार पडली होती.

"काकांना सांगितलंस?"

"अजून नाही. धीर होत नाहीये."

"मालकाला सांगून येतो," तो उठत म्हणाला. "आपण दोघं जाऊ."

बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून बसली. थांबे येत होते, जात होते. घराच्या गल्लीत वळताना तिने हात सोडवायचा प्रयत्न केला. मग तिचं तिनेच ठरवलं, आणि पुन्हा घट्ट धरला.

बाबांनी दार उघडलं. त्यांनी आधी तिचा चेहरा पाहिला, मग काखेतलं पाकीट, मग ते धरलेले हात. दोन्ही बातम्या त्यांना एकदमच कळल्या. ते क्षणभर चौकटीला टेकले, डोळे मिटून. मग त्यांनी तिच्या काखेतलं पाकीट काढून घेतलं, न उघडताच बाजूच्या टेबलावर ठेवलं, आणि दुसरा हात नकोबाच्या पाठीवर टाकून त्याला घरात घेतलं.