साहेबांना कळलेली हाक

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या एका डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ होता आणि हातात झाडू होता. तिने आधी झाडू पाहिला.

“मी खालच्या मजल्यावरचा,” तो म्हणाला. “घड्याळं दुरुस्त करतो. तुम्ही रोज सातला तीनदा पाय आपटता आणि माझे स्क्रू उडतात. आज एक चहात सापडला.”

“आणि तुम्ही दांड्याने छत ठोकता, ते…”

“तो निषेध. तुम्हाला काय वाटलं?”

तिला काय वाटलं होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं. दिवसभर ती आवाज न शिरणाऱ्या खोलीत लोकांचे कान तपासायची. ‘ऐकू आलं की बटण दाबा’ एवढं एकच वाक्य, चाळीस वेळा. घरी आल्यावर बोलायला चार भिंती होत्या, पण त्या मितभाषी. तीन आठवडे खालून कुणीतरी रोज, तेही वेळेवर, उत्तर देत होतं…

“मी साहेबांना हाक मारते,” ती म्हणाली.

साहेब सोफ्याखालून बाहेर आले. मांजराचं पांढरंशुभ्र, ओंजळीत मावेल एवढं पिल्लू. दुकानाच्या शटरमागे अडकलेलं सापडलेलं. जन्मापासून ठार बहिरं. कुणाचंच ऐकायचं नाही, म्हणून साहेब. प्राण्यांच्या संस्थेने ते तीन आठवड्यांच्या बोलीवर दिलं होतं. जमिनीचा हादरा ओळखून हाकेला आलं तर तिचं, नाहीतर दुसऱ्या घरी. उद्या परीक्षा होती.

“अगं, घरात माणूस आणायचं सोडून मांजर आणतेस? तेही बहिरं?” थोरली बहीण फोनवर म्हणाली होती. “माणसं तरी कुठे ऐकतात?” असं ठसक्यात उत्तर देऊन तिने फोन ठेवला होता. मग बराच वेळ त्या फोनकडेच बघत बसली होती.

“आधी सांगायचं ना!” परीक्षेचं ऐकून तो वरमला. साहेब त्याच्या बुटाची नाडी सोडवत होते. “उद्यापासून दांडा बंद. शब्द देतो.”

“घड्याळवाल्याचा शब्द?”

“मिनिटभरही मागेपुढे होत नाही.”

दुसऱ्या दिवशी सातला संस्थेतल्या ताई खुर्चीत बसल्या. तिने पाय आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. साहेबांनी शेपटी चाटली. तिने पुन्हा आपटला. साहेबांनी जांभई दिली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती, आणि पिल्लाची रिकामी टोपलीही त्यांनी सोबत आणली होती.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवाज द्यायचा, अर्धं मिनिट थांबायचं, मगच पुढचं काम, ही कान तपासणाऱ्याची सवय. घरीही ती पाय आपटून थांबायची, नंतर बशी ठेवायची. मधल्या अर्ध्या मिनिटात खालून दांडा वाजायचा. साहेबांचा हिशोब सरळ होता. बाईंचं आपटणं हा बाईंचा छंद. जेवणाची हाक खालून येते!

“ताई, दोनच मिनिटं हं!” ती अनवाणी खाली धावली.

“शब्द मोडा,” त्याने दार उघडताच ती म्हणाली. “दांडा मारा. आत्ता. नाहीतर संस्थेच्या ताई त्याला नेतील…”

“कालच दिला होता शब्द, जरा जुना तरी होऊ—” त्याने तिचे डोळे पाहिले आणि झाडू उचलला. “किती?”

“रोजच्याएवढे. तसेच रागाने.”

“राग आता कुठून आणू?”

तरी त्याने मारले. ती धापा टाकत वर पोचली, तेव्हा साहेब बशीच्या जागेवर शेपटी ताठ करून उभे होते.

“हे तर खालच्यांच्या हाकेला येतं,” ताई म्हणाल्या. तोही मागोमाग आला होता, झाडूसकट. “तुम्ही रोज सातला घरी असता?”

“सहा वर्षं असतो. दुसरीकडे कुठे जायचं… असं काही नसतं.”

“आणि निषेध म्हणून ठोकता?”

“पहिल्या दिवशी निषेध होता.” त्याने झाडूकडे पाहिलं. “मग… वरून कुणीतरी रोज ठोकतंय म्हटल्यावर उत्तर नको द्यायला?”

बारीकात बारीक आवाज पकडणं हा तिचा धंदा होता. हे तर तिला पार आतपर्यंत ऐकू आलं.

ताईंनी रिकामी टोपली उचलली. “हाक वरून की खालून, हे नियमात लिहिलेलं नाही,” म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

“उद्या सातला वरच या,” ती साहेबांकडे बघत म्हणाली. “जेवायला.”

“मी वर आलो तर खालून ठोकणार कोण?”

“आधी ठोका. मग जिना चढा.”

“तोवर जेवण गार होईल…”

“साहेबांचं वेगळं. आपलं मी नंतर वाढेन.”

‘आपलं’ म्हणून गेल्यावर ती उगाच साहेबांची बशी पुसू लागली. त्यानेही ते ऐकल्याचं दाखवलं नाही. फक्त झाडू या हातातून त्या हातात घेतला, आणि उतरताना दोन वेळा पायरी चुकला.