बाहेर पडायचं दार

माझ्या खोलीला दोन दारं आहेत आणि त्यात गूढ असं काही नाही. खासगी समुपदेशन करणाऱ्या बऱ्याच जणांकडे अशी सोय असते. एका दाराने माणूस आत येतो, दुसऱ्याने मागच्या गल्लीत बाहेर पडतो. रडून डोळे सुजलेत आणि बाहेरच्या बाकावर नेमका आपल्याच ऑफिसातला साहेब बसलाय, असं कुणाचं होऊ नये, एवढाच हेतू. भूत, भानामती, मागचा जन्म असं काही घेऊन येणाऱ्यांचंही मी शांतपणे ऐकते. ऐकणं हाच माझा धंदा. विश्वास ठेवायलाच हवा असं थोडंच आहे?

चिमी आली ती वडिलांच्या मागे मागे. बावीस वर्षांची मुलगी. आईचं लांबलेलं आजारपण हिनेच काढलं होतं, आणि आई गेल्यावर औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून ही घरात बसली होती. वडील मोटार चालवायला शिकवायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, इंजिन ठणठणीत आहे हो. गाडी न्यूट्रलमध्ये अडकलीय, बस." आणि स्वतःच हसले. मुलगी हसली नाही, तसे तेही गप्प झाले. मला तो माणूस तिथेच आवडला.

दर बुधवारी दुपारी ती खिडकीजवळच्या तपकिरी खुर्चीत बसायची, आणि वडील मागच्या गल्लीत गाडीत थांबायचे. तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे माझी परीक्षाच होती. मान खाली, आणि नखाने खुर्चीच्या हातावरच्या कापडाचे दोरे उसवत राहायची. मीही घाई केली नाही.

मग एका बुधवारी ती बोलली. शेवटच्या पहाटे आईने पाणी मागितलं होतं. चिमी जागी होती, पण इतकी दमली होती की तिने झोपेचं सोंग घेतलं. हे सांगून ती खूप रडली, इतकी की माझेही डोळे भरून आले. मग उठली, तोंड धुतलं, "हलकं वाटतंय," म्हणाली आणि मागे वळूनही न बघता मागच्या दाराने निघून गेली. असे दिवस आमच्या व्यवसायात क्वचित येतात. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होते.

त्यानंतर चिमीची गाडी अशी सुसाट सुटली की विचारू नका. नोकरी, मैत्रिणी, नवे कपडे. दोनदा हसत हसत येऊन गेली आणि मीच म्हटलं, आता यायची गरज नाही.

खोलीत मात्र काहीतरी बिनसलं होतं. एक शाळामास्तर माझ्याकडे यायचे. ते त्या खुर्चीत बसले आणि लगेच उठले. "आत्ताच कुणी उठून गेलं का? गरम आहे." सकाळपासून तिथे कुणीच बसलं नव्हतं. "ऊन येतं खिडकीतून," मी म्हटलं. पडदा ओढलेला होता.

खुर्चीखाली रोज दोऱ्याचे तुकडे सापडू लागले. मी खुर्चीला नवं निळं कापड चढवलं. मग निळे दोरे सापडू लागले.

एक तरुण मुलगा बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "त्यांचं आधी होऊ द्या ना. किती रडतायत."

"कोण?" मी विचारलं.

तो ओशाळला. पुन्हा आला नाही.

आणि एका बुधवारी दुपारी चिमीचे वडील एकटेच आले. हातातली किल्ली उगाच फिरवत बसले.

"बरी आहे ना चिमी?"

"अगदी. खाते-पिते, मजेत असते." मग खाली बघत म्हणाले, "रागावू नका मॅडम. पण ती आमची चिमी नाही."

मी सगळ्या आईबापांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं. आजारी लेकराची सवय होते, ते बरं झालं की अनोळखी वाटतं. त्यांनी किल्ली खिशात ठेवली.

"आईचा विषय काढला की छान हसते. 'चांगल्या होत्या हो,' म्हणते. शेजारीण म्हणेल तसं. तिच्यासाठी रडायला आता घरात मी एकटाच उरलोय." मग म्हणाले, "ती खूप रडली ना, त्या दिवशी मी मागे गाडीत होतो. हे दार लागल्यावर आतून 'बाबा' म्हणून हाक आली. मॅडम, चिमी तर तेव्हा माझ्या शेजारी बसली होती."

यावर माझ्याकडे चांगलं पुस्तकी उत्तर होतं. पण माझी नजर खुर्चीखाली गेली. पाठोपाठ त्यांचीही गेली.

"मी थोडा वेळ इथे बसू?" त्यांनी विचारलं. "एकटाच."

मी बाहेर आले.

दार जाड आहे. शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो. त्यांचा आवाज आला. मग ते थांबले. पुन्हा बोलले, पुन्हा थांबले. समोरचं माणूस बोलत असताना आपण जेवढं थांबतो, तेवढंच.

मग रडणं ऐकू आलं.

दोघांचं.

मी वळसा घालून गल्लीत गेले. ते बाहेर आले, आणि मागून कुणी येत असावं तसं त्यांनी दार धरून ठेवलं. गाडीचं शेजारचं दार उघडलं, जरा थांबून हळूच लावलं. डोळे लाल होते, पण चेहरा निवला होता. मला हात करून ते गेले.

खुर्ची गार होती. मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची भीतीही वाटली.

संध्याकाळी चिमीचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड.

"मॅडम, बाबा आज खूप खूश आहेत. आल्यापासून माझ्या खोलीत दार लावून आईबद्दल बोलत बसलेत."

"बरं," मी म्हटलं.

"मी चहा घेऊन गेले, तर दार जरासं उघडून म्हणाले, 'पोरी, अंधार पडायला आला, आता नीघ. तुझ्या घरचे वाट बघत असतील.' रागाने नाही हो. फार मायेने म्हणाले."

पलीकडे चेन ओढल्याचा आवाज आला.

"मी बॅग भरलीये," ती म्हणाली. "पण मॅडम, माझ्या घरचे कुठे राहतात?"